व्याह्यांनी उतरवलेला रक्तदाब

माझा रक्तदाब खाली यावा म्हणून आमच्या व्याह्यांनी जेवढे कष्ट घेतले, तेवढे त्यांनी घेतले नसते तर तो आपला आपण खाली आला असता, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. सरकारी खात्यात मी एकतीस वर्षं काढली. बदल्या पाहिल्या, चौकशा पाहिल्या, मार्चअखेर पाहिली, तोंडी हुकूम देऊन नंतर विसरणारे साहेब पाहिले. त्यांपैकी कोणालाही माझ्या रक्तवाहिन्यांना धक्का लावता आला नाही. पण सकाळी साडेसहाला फाटकाशी एक विशिष्ट स्कूटर तीन आचके देऊन बंद झाली, की माझ्या कानशिलात जे ठोके सुरू होत ते ऑफिसात जाऊन पहिल्या फायलीवर सही करेपर्यंत थांबत नसत. माणसाला जगात कोणालाही ‘नको’ म्हणता येतं. साहेबाला म्हणता येतं, बायकोलाही आडवळणाने म्हणता येतं. मुलीच्या सासऱ्याला म्हणता येत नाही. आमच्या व्याह्यांना ही गोष्ट ठाऊक होती की नाही, सांगता येणार नाही. पण तिचा उपयोग मात्र त्यांनी पुरेपूर केला.

आम्ही मूळचे नागपूरकडचे. वडिलांनी तिथेच बुद्धधम्माची दीक्षा घेतलेली, मी नोकरीच्या निमित्ताने पुण्यात आलो आणि येरवड्याला घर केलं. मुलगी संगणक शिकली, हिंजवडीच्या एका कंपनीत लागली आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. मुलगा सदाशिव पेठेतला. त्याला आई नव्हती. वडील एका औषध कंपनीत तीस वर्षं गोळ्यांच्या तपासणीवर होते आणि नुकतेच स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते. मुलाने लग्नाचं सांगितलं तेव्हा ते चार महिने त्याच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस बोलले, ते एवढंच, की तारीख कळव. तारखेला ते आले, रजिस्ट्रारच्या कचेरीत स्वतःच्या पेनाने सही केली, पेनाला टोपण लावलं, अर्धा पेढा खाल्ला आणि निघून गेले. जातीचा विषय त्यांनी तोंडाने काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. पुण्यात न काढलेला विषयच जास्त जागा अडवतो. पुढे दीड वर्ष त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. पौर्णिमेला, वाढदिवसाला आम्ही बोलावलं की चार दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड येई: ‘आपला निरोप मिळाला. आभारी आहे.’ दरम्यान मुलगी-जावई कंपनीच्या कामावर अमेरिकेला गेले आणि पुण्यात नदीच्या अलीकडे आम्ही दोघं आणि पलीकडे ते एकटे, असे एकमेकांचे काहीच न लागणारे नातेवाईक उरलो.

अशा वेळी माझा रक्तदाब सापडला. ऑफिसातल्या तपासणीत तो एकशे सत्तर-एकशे सहा निघाला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करा, चाला, असं सांगितलं. मी गोळी सुरू केली. बायकोने ही बातमी फोनवर मुलीला सांगितली, मुलीने जावयाला, जावयाने त्याच्या वडिलांना. पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला बेल वाजली. दार उघडलं तर व्याही उभे. काखेत कापडी पिशवी, आणि दोन्ही हातांत उलटं धरलेलं हेल्मेट, त्यात शेवग्याचा पाला काठोकाठ भरलेला. त्या काळात पुण्यात हेल्मेटसक्तीवरून रोज कुठे ना कुठे भांडण चाले. व्याह्यांचा हेल्मेटला विरोध नव्हता, फक्त ते डोक्यावर घालायला विरोध होता. भांडं म्हणून ते उत्तम आहे, असं त्यांचं मत होतं.

‘आपल्या बीपीचं कळलं,’ ते म्हणाले. ‘स्वयंपाकघर कुठल्या बाजूला?’

बायकोने बोट दाखवलं. ते सरळ आत गेले, पातेलं मागितलं, पिशवीतून अर्जुनाची साल काढली, ती दातांनी चावून पाहिली आणि उकळत ठेवली. साल उकळेपर्यंत बायकोने चहा केला. तो त्यांनी ओट्याशी उभ्याउभ्या घेतला, बशीत सांडलेलासुद्धा घेतला, आणि आणखी अर्धा कप आहे का, असं विचारलं. मी दारात उभा राहून हे पाहत होतो. दीड वर्ष पोस्टकार्डावर आभार मानणारा माणूस आमच्या स्वयंपाकघरात एका कपातून दुसऱ्या कपात ओतून चहा गार करत होता. मग त्यांनी मला विचारलं, ‘गोळी वगैरे सुरू केली नाही ना?’ बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, अजून नाही. हो म्हटलं असतं तर ते पातेलं उतरवून, पिशवी उचलून परत गेले असते, आणि पुन्हा कुठल्या निमित्ताने आले असते ते मला सुचेना. हे एवढं एक खोटं मी बोललो. त्याच्यामागून पुढे दोन वर्षं काय काय प्यावं लागेल, याची त्या वेळी कल्पना नव्हती.

व्याह्यांची कामाची पद्धत कारखान्यातली होती. काढ्याच्या प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी असे आणि तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असे: बॅच क्रमांक सात, अर्जुनसाल, उकळल्यापासून बारा तासांत संपवावे. बॅच मनासारखी नसली तर ती ते माझ्या डोळ्यांदेखत मोरीत ओतत आणि नवी करायला घेत. मग मी ऑफिसला उशिरा पोचे आणि कारण विचारलं की ‘उत्पादन नाकारलं गेलं’ असं सांगायची चोरी. बेल ते एकदाच वाजवत. दुसऱ्यांदा वाजवली तर घरच्यांचं बीपी वाढतं म्हणून, दार उघडेपर्यंत, जिन्याच्या खिडकीशी उभं राहून खाकरत. ते ऐकून समोरच्या बंगल्यातला कुत्रा भुंके, कुत्रा भुंकला की वॉचमन शिट्टी फुंके, आणि एवढ्या सगळ्या शांततेत मी दार उघडायला जाई. जोडीला त्यांच्याकडे रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं जुनं यंत्र होतं, लोखंडी पेटीतलं. पट्टा ते इतका फुगवत की बोटांना मुंग्या येत. मोजताना रुग्णाने बोलायचं नाही, असा नियम होता. तो त्यांना लागू नव्हता. माझं झालं की दूधवाल्याचं, वॉचमनचं, एकदा तर गॅसचं सिलिंडर घेऊन तीन जिने चढून आलेल्या माणसाचं त्यांनी धापा टाकत असतानाच मोजलं आणि त्याला घाबरवून सोडलं. स्वतःच्या दंडाला मात्र तो पट्टा लावलेला आम्ही कधी पाहिला नाही. तुमचं किती असतं, असं बायकोने एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘माझा विषय चालू नाही.’

पहिले तीन महिने लसूण होती. उपाशीपोटी दोन कच्च्या पाकळ्या, चावून. ऑफिसात माझ्या शेजारच्या हेडक्लार्कने टेबल हलवून खिडकीशी नेलं, आणि एका बैठकीत साहेबांनी माझा प्रस्ताव न वाचताच मंजूर केला, तो मी लवकर बाहेर जावं म्हणून. मग दुधीचा रस. कडू दुधी विष असतो, हे व्याही बजावून सांगत, आणि ते खरंही आहे. पण त्यासाठी ते मंडईत प्रत्येक दुधीची चकती कापून चाखत. एका सकाळी त्यांनी अकरा दुधी चाखले आणि बाराव्याला भाजीवाली म्हणाली, काका, आता जेवूनच जा. मग आली जास्वंद. जास्वंदीच्या फुलांच्या चहाने दाब उतरतो, असं कळल्यावर व्याह्यांनी पहाटे फिरायला जाताना काठीला आकडा बसवून घेतला. पेठेत पहाटे देवासाठी फुलं तोडणारी जी मंडळी असतात, त्यांच्यात आणि व्याह्यांमध्ये सीमावाद सुरू झाला. अखेर एका कुंपणावर पाटी लागली: ‘फुले देवासाठी आहेत. रक्तदाबासाठी नाहीत.’ ही पाटी त्यांनी मला मुद्दाम नेऊन दाखवली. वाईट वाटल्याचं काही चिन्ह नव्हतं. अक्षर सुबक आहे, एवढंच म्हणाले.

मिठाच्या बाबतीत तर त्यांनी आमच्या घराची झडतीच घेतली. पापड गेले, सांडगे गेले, बायकोने आमच्याकडच्या पद्धतीने केलेलं तिखटजाळ लिंबाचं लोणचं बरणीसकट गेलं. ते त्यांनी तपासणीसाठी म्हणून पेठेत नेलं. महिन्याने बायकोने बरणीची आठवण केली, तेव्हा धुतलेली, पुसलेली रिकामी बरणी परत आली. निष्कर्ष काय निघाला, असं मी विचारलं. ‘मीठ जास्त होतं,’ ते म्हणाले, आणि विषय बदलला.

एकच सांगायला हवं, की ते वेडेवाकडे प्रयोग करणारे नव्हते. काष्ठौषधीच्या दुकानदाराने एकदा त्यांना सर्पगंधा देऊ केली, तर ती त्यांनी हातात घेतली नाही. ते औषध आहे, पाला नाही, ते डॉक्टरच्या हातात असावं, असं त्यांनी त्यालाच सुनावलं. ते काय काय देतात हे मी गुपचूप डॉक्टरीणबाईंना सांगत असे. गोळी चुकवू नका आणि नवीन काही सुरू झालं की मला कळवा, एवढं बजावून त्या म्हणाल्या, की बाकी हे सगळं पिऊन तुमची सहनशक्ती मात्र वाढेल. मग या माणसाचा गोळ्यांवर एवढा राग का, हे कोडं मला बरेच दिवस सुटेना. एकदा गाळणीतून काढा गाळता गाळता ते आपणहून बोलले. कंपनीत त्यांचं काम डोळ्यांचं होतं. दिव्याखालच्या पट्ट्यावरून गोळ्या सरकत जात आणि त्यातली तडकलेली, डागाळलेली, कड उडालेली गोळी ते बोटाने बाजूला काढत. तीस वर्षं. मग बाहेरच्या देशांतून माल येऊ लागला, कंपनीचे परदेशी भागीदार आले, आणि त्यांच्याबरोबर एक यंत्र आलं. ते कॅमेऱ्याने गोळ्या पाहत असे आणि दमत नसे. व्याह्यांच्या विभागातल्या सगळ्यांना हारतुरे देऊन घरी पाठवलं. ‘आता गोळीकडे माणूस बघत नाही,’ ते म्हणाले. ‘माणसाने न बघितलेली वस्तू मी पोटात घालत नाही, आणि दुसऱ्याच्याही घालू देत नाही.’

मी काढा प्यालो. आतल्या खोलीत जाऊन, ज्वारीच्या डब्यामागे ठेवलेल्या पाकिटातली गोळीही घेतली.

चौथ्या महिन्यात माझा रक्तदाब एकशे तीस-ब्याऐंशी झाला. व्याह्यांनी तीन वेळा मोजला, यंत्र टेबलावर ठेवलं आणि खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत बसले. इतका आनंद झालेला माणूस मी जवळून फार कमी पाहिला आहे. त्या दिवसापासून मी त्यांचा नमुना झालो. संध्याकाळी बागेत त्यांच्या निवृत्त मित्रांचा कट्टा बसे, तिथे ते मला स्कूटरवर घालून नेत, बाही वर करायला लावत आणि पट्टा बांधून आकडा मोठ्याने जाहीर करत. एकही गोळी न घेता, असं वर सांगत. म्हातारे माझ्या दंडाकडे आदराने पाहत. मी जमिनीकडे पाही. पण येता-जाता स्कूटरवर गप्पा होत, घरी आल्यावर ते आमच्याकडे जेवायला थांबत, आणि बायकोला ‘वहिनी’ म्हणू लागले होते. बायको मात्र रोज एकच सांगे, की एकदाचं सांगून टाका, खोटं बोलून कोणाचं भलं होत नाही. मी म्हणे, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाल्यावर म्हणे, मुलं सुट्टीवर येऊन जाऊ देत. मुलं येऊन गेली. ती आली तेव्हा व्याही आमच्या घरी चार दिवस राहिले आणि सुनेने केलेल्या भाजीत मीठ नाही म्हणून कुरकुरले. मग मला वाटलं, आता कशाला सांगायचं. चाललंय ते बरं आहे.

श्रावणातला रविवार होता. व्याही नेहमीसारखे ओट्याशी उभे राहून काढा गाळत होते. गाळणी त्यांच्या उजव्या हातातून सुटून खाली पडली. त्यांनी हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. वहिनी, असं काहीसं म्हणायला गेले, ते नीट उमटलं नाही. बायको माझ्यापेक्षा शांत डोक्याची. तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि मला हाक मारली, ‘अहो, यांचं तोंड वाकडं झालंय. गाडी बघा.’ शेजाऱ्यांच्या मारुतीतून आम्ही पूल ओलांडून अर्ध्या तासात त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. वाटेत त्यांनी माझा शर्ट डाव्या हाताने धरून ठेवला होता.

तिथल्या तरुण डॉक्टरने दाब मोजला. दोनशे दहा-एकशे वीस. त्याने विचारलं, यांना आधीपासून बीपी आहे का. मी नाही म्हणणार, तोच व्याह्यांनी मान हलवली. आठ वर्षांपासून होतं. गोळी चालू होती. डॉक्टरने विचारलं, मग आता?

‘बंद केली,’ व्याही एकेक शब्द जुळवत म्हणाले. ‘वर्ष झालं.’

‘कोणी सांगितली बंद करायला?’

त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं. ‘यांचं उतरलं ना. नुसत्या काढ्यावर.’

पुढचं मला नीट आठवत नाही. त्यांना आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि बायकोने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. तिने एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्यापेक्षा तिने चार माणसांत सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. कोडं आता सगळं उलगडत होतं. गोळ्यांवर विश्वास नसलेला हा माणूस सात वर्षं निमूटपणे गोळी घेत होता, कारण दुसरा इलाज नव्हता. पाल्याने भागतं याचा पुरावा त्याला हवा होता. तो मी दिला. रोज सकाळी, बाही वर करून, दिला. डॉक्टर बाहेर आला तेव्हा मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो माझ्या जावयाच्या वयाचा असेल. त्याने मला शांतपणे सांगितलं, की रक्ताची गुठळी लहान आहे, वेळेवर आणलंत, हात आणि बोलणं सुधारेल. पण ही गोष्ट त्यांना तुम्हीच सांगायची आहे, मी नाही.

पाच दिवसांनी त्यांना घरी सोडलं. घरी म्हणजे आमच्याकडे. पेठेत एकट्याला कोण बघणार होतं? मुलीच्या खोलीत त्यांची सोय केली. अमेरिकेतून दिवसाला तीन फोन येत होते. पहिल्या सकाळी बायकोने वाटीत त्यांच्या गोळ्या काढून पुढे ठेवल्या, तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. यांना काढा चालतो आणि मलाच गोळी का, असा त्यांचा मुद्दा होता. बोलणं अजून जड होतं, पण मुद्दा स्पष्ट होता. मी स्वयंपाकघरात गेलो, ज्वारीच्या डब्यामागचं पाकीट आणलं आणि त्यांच्या वाटीशेजारी ठेवलं.

‘मीही घेतो,’ मी म्हणालो. ‘आपण पहिल्यांदा आलात त्याच्या आधीपासून.’

त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

‘म्हणजे माझा काढा आपण ओतून देत होता.’

‘नाही. सगळा प्यालो.’

‘सगळा?’

‘दुधीचा रस एकदा कुंडीत ओतला. मागच्या उन्हाळ्यात.’

ते विचारात पडले. ‘ते क्रोटन त्यानेच गेलं?’

‘बहुतेक.’

त्यांच्या तोंडाची चांगली बाजू किंचित हलली. मग पुन्हा गंभीर होऊन त्यांनी विचारलं, की मग तेव्हाच का नाही सांगितलं. मी जे दोन वर्षं कोणाला बोललो नव्हतो ते बोललो. सांगितलं असतं तर आपण पुन्हा या घरी आला नसता, असं म्हणालो. बायको चहाचा कप घेऊन दारात थांबली होती. व्याही खिडकीबाहेर पाहत राहिले.

‘आलो असतो की नसतो,’ ते शेवटी म्हणाले, ‘ते मलाही सांगता येत नाही.’

मग त्यांनी माझं पाकीट डाव्या हातात घेतलं. उलटंसुलटं केलं, तारीख वाचली, एका गोळीचा फुगा नखाने दाबून पाहिला. सील ढिलं आहे, आमच्या वेळी हा माल परत गेला असता, असं म्हणाले. एक गोळी काढून ती खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली, आणि माझ्या तळहातावर ठेवली. मग स्वतःच्या वाटीतली प्रत्येक गोळी तशीच पाहिली. ‘आता माणसाने बघितली,’ ते म्हणाले. ‘घ्या तुम्ही.’ आम्ही दोघांनी एकाच तांब्यातलं पाणी घेऊन गोळ्या गिळल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला ‘आपण’ म्हणायचं सोडलं.

याचा अर्थ ते सुधारले असा मात्र कोणी घेऊ नये. पुढचा दीड महिना ते आमच्या घरी होते आणि त्या दीड महिन्यात माझ्या बायकोने दोनदा माहेरी जाण्याची धमकी दिली. हाताचा व्यायाम म्हणून डॉक्टरने रबरी चेंडू दाबायला सांगितला, तर चेंडूपेक्षा लिंबू बरं, रस तरी निघतो, असं म्हणून त्यांनी घरातली सगळी लिंबं पिळली. गोळ्यांच्या तपासणीला रोज पंधरा मिनिटं लागत. एकदा त्यांनी सात गोळ्या ‘नापास’ करून औषधाच्या दुकानात परत पाठवल्या आणि दुकानदाराने आम्हाला पुन्हा येऊ नका असं नम्रपणे सांगितलं. काढे बंद झाले, पण जास्वंदीच्या चहाला डॉक्टरीणबाईंची परवानगी त्यांनी मागून घेतली, तीही तोंडी नाही, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. पेठेत परत गेल्यावर स्कूटर बंद झाली होती, म्हणून ते दोन बस बदलून येत. बसमध्ये गर्दी असेल तर वाहकाला आपण रुग्ण असल्याचं सांगत, आणि जागा मिळाली की ती दुसऱ्या एखाद्याला देऊन त्याची प्रकृती विचारत उभे राहत. कट्ट्यावर मला पुन्हा नेलं ते फक्त एकदा, आणि तिथे सगळ्यांदेखत सांगितलं, की या गृहस्थांनी आपल्याला दोन वर्षं फसवलं, गोळ्या सोडू नका. म्हातारे पुन्हा माझ्या दंडाकडे पाहू लागले. या वेळी आदराने नव्हे.

पुढच्या वर्षी जावयाने त्यांना अमेरिकेला नेलंच. एकट्याला इथे ठेवायला मुलं तयार नव्हती. निघताना त्यांनी काही भाषण वगैरे केलं नाही. टॅक्सीत बसले, काच खाली केली, माझी पुढची तपासणी कधी आहे ते विचारलं, आणि काच वर केली. त्यानंतर काही महिन्यांनी मुलीच्या बाळंतपणासाठी बायकोही तिकडे गेली. माझ्या निवृत्तीला अजून सात महिने होते, म्हणून मी एकटा राहिलो. डबा लावला, तो खारट निघाला. सकाळी घर इतकं शांत असे की घड्याळाची टिकटिक ऐकू येई, आणि ती ऐकत मी गोळी घेई. गोळी खिडकीशी धरून बघायची सवय मला कधी लागली ते कळलं नाही.

दर रविवारी सकाळी, तिकडच्या संध्याकाळी, व्याह्यांचा फोन येई. नातू कोणासारखा दिसतो यावर त्यांचं आणि बायकोचं एकमत होत नसे. बायको त्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नाही, अशी त्यांची तक्रार असे. तिला तुम्ही सांगा, असं म्हणत आणि तिनेच दिलेला चहा पीत बोलत. शेवटी प्रश्न ठरलेला, किती आहे. मी आकडा सांगे, ते ‘ठीक’ म्हणत. मग एका रविवारी मी खरं सांगितलं. डॉक्टरीणबाईंकडे मोजलं होतं, एकशे अठ्ठावन्न-शहाण्णव. डब्यातलं मीठ असेल, झोप होत नाही, असं काहीबाही मी बोललो. मी रिसीव्हर कानाशी धरून वाट पाहत राहिलो. आता कुठलं पान सांगतील, कुठली साल, किती पाण्यात उकळून किती उरवायला सांगतील, याची. खरं सांगायचं तर कागद-पेन्सिल मी जवळ ओढलं होतं.

‘डॉक्टरांना दाखवा,’ ते म्हणाले. ‘गोळी बदलावी लागेल.’

आणखी काही म्हणाले नाहीत. हे वाक्य या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून मी एके काळी काय दिलं नसतं. ते मिळालं, आणि फोन ठेवल्यावर मला किती तरी वेळ कोणीतरी घरातून उठून गेल्यासारखं वाटत राहिलं. संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, याशिवाय आणखी काही घेता का. मी म्हणालो, नाही. सध्या काहीच नाही.